दिन का राजा

मेंढी कुंपणात तोंड घालून उभी होती, आणि योगिनीनं दगड शोधायच्या आधी घड्याळ पाहिलं. अकरा वाजून दहा मिनिटं.

ताडकळसला त्या दिवशी बाजार होता. पूर्णा रस्त्यावर दिनकररावांची रोपवाटिका आहे, तिच्यासमोरून एक कळप चालला होता. त्यातल्या एका काळ्या तोंडाच्या मेंढीनं वाट सोडली आणि रोपवाटिकेच्या हिरव्यागार कुंपणाला लागली. योगिनी वनस्पतीशास्त्रात बी.एस्सी. झालेली. सात महिन्यांपासून ती इथं रोपांना नावाच्या पाट्या लावायची आणि गिऱ्हाइकाला ऊन किती, पाणी किती ते समजावून सांगायची. कुंपणाची राखण हे काही तिचं काम नव्हतं, पण आता दुसरं कुणी जवळ नव्हतं.

“ए काळे... हाड, हाड,” करत एक तरुण रस्ता ओलांडून पळत आला. अंगात चौकड्याचा शर्ट, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. मेंढीच्या मानेत हात घालून त्यानं तिला मागं ओढलं. “राग मानू नका मॅडम. चुकून शिरली.”

“किती खाल्लं?”

“आं?”

“पानं. पाचसात खाल्ली असतील की जास्त?”

त्यानं तिच्याकडं नीट पाहिलं. “मालक लोक दगड मारतेत. तुमी पानं मोजायलाव.”

“फळं खाल्लीत का ते बघायचंय. ही बघा, काळी, वाटाण्याएवढी. विषारी असतात.”

हे ऐकल्याबरोबर त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तो खाली बसला, दोन बोटांनी मेंढीचा जबडा उघडला, आत पाहिलं, वास घेतला. “पाला हाय नुसता.” मग तिथंच बसल्या बसल्या त्यानं कुंपणाची एक फांदी हातात घेतली. बारीक पांढऱ्या फुलांचे झुबके होते तिला, आणि ऊन चढेल तसा त्यांचा वास वाढत होता. “ह्याचं नाव काय?”

“सेस्ट्रम डाययुर्नम.”

“ते झालं कागदावरचं. हाक मारायचं काय?”

योगिनीला हसू आलं. “दिन का राजा.”

“राजा...” त्यानं फूल नाकाशी नेलं. “आन राणी कुठाय?”

“रातराणी. आहे ना, तिकडं विहिरीजवळ. एकाच कुळातली दोघं. पण हा दिवसा फुलतो, ती रात्री. त्यांची गाठ पडत नाही.”

“कोणी पाडायची म्हणलं तरी?”

तिनं हातातल्या पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.

“बरं, नाव कळलं,” तो म्हणाला. “आता सोभाव सांगा.”

“झाडाचा?”

“आमच्यात नाव मागून येतंय. आधी सोभाव बघतेत. कोणत्या पाल्यानं दूध वाढतंय, कोणत्यानं पोट फुगतंय, कोणता पाला जीव घेतोय. ह्याचा कसा हाय?”

योगिनीला त्या झाडाचं पुष्कळ काही ठाऊक होतं. फूल पाच पाकळ्यांचं, कूळ वांग्याचं आणि धोतऱ्याचं, मूळ गाव समुद्रापलीकडची बेटं, छाटलं की पंधरा दिवसांत पुन्हा दाट. पण मेंढीनं त्याचं पान खाल्लं तर पुढं काय होतं...

“माहीत नाही,” ती म्हणाली.

“शिकलेल्या माणसाच्या तोंडून हे पयल्यांदा ऐकलं.” तो उठला, घोंगडी झटकली. “मी बिरू. पुढच्या बाजाराला येऊन सांगतो, काळी जगली का मेली ते.”

कळप पुढं गेला. योगिनीनं वहीत वेळ लिहिली, पानांचा अंदाज लिहिला. खाली ‘निरीक्षण चालू’ असंही लिहिलं. ते मेंढीबद्दल होतं असं तिनं स्वतःला सांगितलं.

*

काळी जगली. पुढच्या बाजाराला बिरू आला, त्याच्या पुढच्याही बाजाराला आला. आणि नंतर बाजार नसलेल्या दिवशीसुद्धा येऊ लागला. कधी शेंगा असलेली डहाळी घेऊन, कधी नुसतंच मूळ घेऊन. तो सांगे, ह्याच्यानं मेंढीची खरूज जाती. ती नाव शोधून काढे. मग दोघं मिळून त्या झाडाला ओळखत.

बिरू बी.ए. झाला होता. पोलीस भरतीत दोनदा धावला, दोनदा थोडक्यात राहिला, आणि परत मेंढरांकडं आला. थोरला भाऊ रामकिशन कळप घेऊन आठ महिने रानोमाळ फिरे. बिरूला तसं फिरायचं नव्हतं. घराशेजारी शेड टाकायची, बारा मेंढ्या जागेवरच चारायच्या, असं त्याच्या डोक्यात होतं. अडचण एकच होती. माघानंतर हिरवा पाला आणायचा कुठून?

“आमच्या कुंपणाचा,” योगिनी म्हणाली. “दर आठवड्याला छाटतात. गाडीभर पाला खड्ड्यात जातो. फळं काढून टाकली की उरतात पानं. पण आधी तपासायला पाहिजे.”

“तपासायचं म्हंजी एकीला घासभर घालायचं, एक दिस एक रात बघायचं. ठीक राहिली तर बाकीच्यांना. आमच्या घरात असंच करतेत, पिढ्यान्‌पिढ्या.”

योगिनीला आनंदच झाला. पुस्तकात याला प्रयोग म्हणतात, आणि ह्यांच्या घरात तो पिढ्यान्‌पिढ्या चालला होता.

म्हणून पौषातल्या एका रविवारी ती बिरूच्या घरामागच्या बाभळीखाली वही आणि घड्याळ घेऊन बसली. समोर एक मेंढी बांधलेली. सकाळी आठला पाव किलो पाला घातला. दर अर्ध्या तासाला योगिनी मेंढीचे श्वास मोजी, रवंथ चालू आहे का बघे, लेंड्या कशा आहेत ते लिही.

बिरूची आई भिवराबाई उंबऱ्यात बसून लोकर पिंजत होती. अकराच्या सुमाराला तिनं विचारलं, “बिऱ्या, ही पोरगी त्या मेंढीला काय इचारायलीय?”

“बरं वाटायलंय का, असं इचारायलीय आई.”

“मंग मेंढी काय म्हणती?”

“लिवून घेतलंय त्यांनी.”

“मला कोणी असं सकाळधरनं इचारलं न्हाई कवा,” भिवराबाई म्हणाली आणि आत जाऊन दोघांसाठी भाकरी आणि ठेचा घेऊन आली.

दुपारी वारा पडला. बाभळीची सावली इतकी बारीक झाली की दोघांना जवळ सरकावं लागलं. मेंढी निवांत डोळे मिटून रवंथ करत होती.

“किती?” बिरूनं विचारलं.

“मिनिटाला वीस.”

“माझं मोजा की.”

“कशाला?”

“ताळा बघायला. एकीचंच मोजून काय कळतंय.”

तिनं घड्याळाकडं बघितलं. मग त्याच्या छातीकडं, चौकड्याच्या शर्टाच्या दुसऱ्या गुंडीकडं. एक... दोन... तो अगदी गंभीर होऊन समोर बघत होता. मिनिट संपलं.

“सव्वीस,” ती म्हणाली. “माणसाला हे जास्त आहे. ताप आहे का तुम्हाला?”

“ताप न्हाई. तुमी जवळ बसलाव.”

योगिनीनं वही मांडीवर उलटी ठेवली. स्वतःचे श्वास मोजायची तिला हिंमत झाली नाही.

दिवस मावळायच्या आत ती घरी परतली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच बिरूचा फोन आला. “मेंढी उभी हाय. चारा मागायलीय. आन...”

“आणि?”

“आन मला रातभर झोप न्हाई. ते पण लिवून घे.”

‘घ्या’ नाही, ‘घे’ म्हणाला. योगिनीनं ते लिहून घेतलं नाही, पण विसरलीही नाही. वहीत तिनं एकच ओळ लिहिली: पाने सुरक्षित.

*

दर आठवड्याला छाटणी होई. योगिनी काळी फळं एकेक खुडून टाकी, पाल्याचे भारे बांधी. बिरू मोटारसायकलवर लादून नेई. उरलेला पाला सावलीत कसा वाळवायचा, पोत्यात कसा भरायचा, हेही तिनंच त्याला शिकवलं. छाटणी नसेल त्या दिवसांची सोय.

प्रत्येक भाऱ्यात ती एक फुलांचा झुबका राहू देई.

“मेंढ्यांना फुलं कशाला?” बिरू विचारी.

“मेंढ्यांना नाहीत.”

“मंग?”

“भारा सोडणाऱ्याला.”

तो झुबका शर्टाच्या खिशात खोचून तो जाई. संध्याकाळपर्यंत त्याचा वास सरे, कारण राजा दिवसाचाच. पण तोवर दिवसही पुरा झालेला असे.

होळीनंतर बिरूनं आईजवळ विषय काढला. भिवराबाई ओरडली नाही. लोकर पिंजता पिंजता म्हणाली, “तिचा बाप शाळेत कारकून. घरी पूजाअर्चा. ती पोरगी आपल्या मागं रानात यील का?”

“म्हणून तर शेड टाकली आई. रानात जायचंच न्हाई.”

“बांधून ठेवलेली मेंढरं उन्हाळा काढत न्हाईत, असं मी म्हणते. तू काढवून दाखव. बाराच्या बारा आखाजीला उभ्या दिसल्या, तर मी सोता त्या व्यंकटरावाच्या दारात जाते. न्हाई दिसल्या तर तू काठी उचलायची, आन रामकिशनच्या मागं निघायचं. मंग त्या पोरीचं नाव न्हाई.”

बिरूनं हे योगिनीला सांगितलं तेव्हा तो हसत होता. “बारा मेंढ्यांवर आलंय बघ आपलं लगीन. आता तू रोज भारा मोठा बांध.”

तिनं मोठे भारे बांधले.

घरी तिनंही वडिलांना सांगितलं. व्यंकटराव दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी चहा पिता पिता म्हणाले, “मुलाची आई येणार म्हणतेस?”

“अक्षय्य तृतीयेला.”

“येऊ दे. ऐकून घेतो.” एवढंच. पण व्यंकटरावांच्या तोंडून एवढंही येईल असं तिला वाटलं नव्हतं. त्या दिवशी रोपवाटिकेत ती विनाकारण गुणगुणत होती, आणि दिनकरराव म्हणाले, “आज झाडांना पाणी जास्त झालंय की काय?”

*

चैत्रात पहिली मेंढी लंगडली.

बिरूनं खुरात काटा शोधला. सापडला नाही. आठ दिवसांत आणखी दोघी पाय आखडून चालू लागल्या, पाठीला बाक काढून. चारा खात होत्या, रवंथही करत होत्या, आणि तरीही बरगड्या दिसू लागल्या होत्या. जनावरांना सुया देत गावोगाव फिरणारा एक जण आला, पाय दाबून म्हणाला, हाडं कमजोर झालीत, कॅल्शियम पाजा. बिरूनं बाटल्या आणल्या. रोज सकाळ-संध्याकाळ पाजू लागला, पायांना तेल चोळू लागला.

“पाय चालायला दिलेत देवानं,” भिवराबाई म्हणाली. “बांधून ठेवलं, आखडले.”

बिरूला ते पटू लागलं. फोनवर त्याचा आवाज बारीक झाला होता. “माझंच चुकलं का गं? शेडच्या नादात मी जितराब बिघडवलं का?”

“सगळ्या उभ्या आहेत ना अजून?” ती विचारी.

“उभ्या हायत.”

त्या मंगळवारी दुपारी रोपवाटिकेत गिऱ्हाईक नव्हतं. योगिनी शेडनेटखाली बसून फोनवर शोधत होती. मेंढी, लंगडणं, पाठीला बाक, वजन घटणं. जनावरांच्या आजारांवरचा एक लेख निघाला. तिनं तो वाचला. मग पुन्हा पहिल्यापासून, एकेक शब्द सावकाश वाचला.

पानांत एक द्रव्य असतं, त्यात लिहिलं होतं. त्यानं जनावराचं शरीर गरजेपेक्षा कितीतरी जास्त चुना, म्हणजे कॅल्शियमच, शोषून घेतं. तो हाडांत मावत नाही. रक्तवाहिन्यांत, पायांच्या शिरांत, फुफ्फुसांत साचत जातो. जनावर पटकन मरत नाही. आठवड्यांमागून आठवडे खात राहतं आणि आतून कडक होत जातं. पान वाळलं तरी द्रव्य तसंच राहतं. कॅल्शियम दिलं तर भरच पडते. आणि सगळ्यात वर झाडाचं नाव होतं, पहिल्या दिवशी तिनं मोठ्या रुबाबात उच्चारलेलं तेच.

एक दिवस आणि एक रात. तिनं श्वास मोजले होते, लेंड्या मोजल्या होत्या. बरोबर मोजल्या होत्या. या झाडाचा स्वभाव कळायला तीन महिने लागतात, हे ना तिच्या पुस्तकाला माहीत होतं, ना त्यांच्या पिढ्यांना.

आखाजीला आठ दिवस होते.

तिनं बिरूचा नंबर काढला, आणि अंगठा तसाच राहिला. आता सांगितलं तर? ज्या सुनेच्या हातचा पाला खाऊन मेंढरं लंगडी झाली, तिला मागायला भिवराबाई कशाला येईल? आठच दिवस... त्या येऊन जाऊ देत. वडिलांशी एकदा बोलणं होऊ दे. मग सांगू. तोवर पाला मात्र बंद झाला पाहिजे.

तिनं फोन लावला. “बिरू, आठ दिवस पाला न्यायला येऊ नको. कुंपणावर औषध मारलंय.”

“बरं झालं सांगितलंस,” तो म्हणाला. “कडबा हाय घरात. भागवतो.”

“कॅल्शियमपण थांबव. इतकं बरं नसतं.”

“तो माणूस तर म्हणाला डबल पाजा.”

“...बघ मग,” ती म्हणाली. त्या दोन शब्दांची तिला पुढं फार दिवस लाज वाटली.

रोज संध्याकाळी त्याचा फोन येई. रोज ती विचारी, आज कशा आहेत? तो म्हणे, तशाच. एकदा म्हणाला, “तू इचारलंस की बरं वाटतंय. असं वाटतंय, कोणीतरी माझ्यासंगं उभं हाय.”

*

आखाजीच्या सकाळी योगिनीच्या आईनं पुरण शिजवलं होतं. व्यंकटरावांनी धुतलेला सदरा घातला आणि कुणी विचारायच्या आधीच म्हणाले, “सणाचा घातलाय.” दहा वाजले, अकरा वाजले. भिवराबाई आली नाही. फोन आला तो बिरूचा.

“दोघी खाली बसल्यात. उठंनात.”

ती स्कूटी घेऊन निघाली. शेडमध्ये दोन मेंढ्या कुशीवर पडल्या होत्या, डोळे उघडे, पाय काठीसारखे ताठ. बिरू एकीचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. भिवराबाई खांबाला धरून उभी. कोपऱ्यात एक उघडं पोतं होतं, तोंडापाशी हिरवट करडी वाळकी पानं सांडलेली.

योगिनी त्या पोत्याकडं बघतच राहिली. “हे... हे घालत होतास?”

“मंग? ओला पाला तू बंद केलास. वाळलेला हाय म्हणून तर भागलं. आठी दिस कडब्यात मिसळून तेच घातलंय.”

वाळवायला तिनंच शिकवलं होतं. आणि मंगळवारपासून एकदाही तिच्या मनात हे पोतं आलं नव्हतं.

“बिरू, ते काढ. त्या पाल्यानंच झालंय हे.” मग ती सगळं बोलली. पानातलं द्रव्य, चुना, कडक होत जाणाऱ्या शिरा, कॅल्शियमच्या बाटल्या. “शेडचं काही चुकलं नाही. बांधून ठेवल्यानं नाही झालं. तुझं काही चुकलं नाही. माझं चुकलं. मी सुरक्षित म्हणून लिहिलं.”

बिरू ऐकत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. उलट काहीतरी सैल झाल्यासारखं दिसलं. “तुला कुठं माहीत व्हतं,” तो म्हणाला. “बघितलं तर आपण दोघांनी. माझ्याबी बापजाद्याला कळलं नसतं.” मेंढीच्या कानावरून हात फिरवत त्यानं सहज विचारलं, “कवा कळलं तुला?”

‘आज सकाळी’ म्हणता आलं असतं. दोनच शब्द होते. भिवराबाईसुद्धा वाट बघत होती. योगिनीला त्या क्षणी स्पष्ट दिसलं की हे दोन शब्द बोलले तर अजून सगळं वाचतं — आखाजी उद्यावर जाते, आणि हा माणूस आपल्याला माफ करून मोकळा होतो.

“मागच्या मंगळवारी,” ती म्हणाली.

मेंढीच्या कानावरून फिरणारा त्याचा हात थांबला.

“मंगळवारी.” त्यानं बोटांवर मोजलं नाही, पण त्याचे ओठ हलले. “औषध मारलंय म्हणालीस, तवा.”

“हो.”

“आन रोज इचारायचीस... आज कशा हायत.”

“तुझ्या आईनं एकदा आमच्याकडं यावं एवढंच वाटत होतं. नंतर सांगणार होते, बिरू. आठ दिवसांनी फार फरक पडला नसता कदाचित. चुना तीन महिने साचत होता...”

“नसंल पडला,” तो म्हणाला. “पुस्तकात असंल तसं. पर आठ दिस मी ह्यांच्या पायाला तेल चोळायलो. बाटल्या पाजायलो, माझ्या हातानं. माझंच पाप म्हणून आईच्या तोंडाकडं बघत नव्हतो. आन तू तिकडून ऐकायलीस.” त्यानं मान वर केली. “माहीत नव्हतं ते सोड. त्याचं मला काय न्हाई.”

ती त्याच्याकडं एक पाऊल गेली. भिवराबाई मध्ये आली नाही, ओरडलीही नाही. कोपऱ्यातलं पोतं तिनं बांधलं आणि ओढत बाहेर नेलं. परत आली तेव्हा तिचा आवाज शांत होता.

“बाई, तू त्या दिवशी मेंढीपशी बसलीस, तवा मी मनात म्हणलं, ही आपली. मेंढीला बोलता येत न्हाई. तिचं माणसानं बोलावं लागतंय. आमच्या घरात दुसरं काय कामच न्हाई. तू आठ दिस गप बसलीस. कळून गप बसलीस. उद्या लेकराचं दुखणं खुपणं...” पुढचं तिनं गिळलं. “जा घरी. सण हाय.”

बिरूनं वर पाहिलं नाही. त्याचा हात मेंढीच्या मानेवर होता. योगिनीनं नकळत श्वास मोजले. मेंढीचे. फार नव्हते उरले.

*

दोन मेंढ्या गेल्या. त्यांना पुरल्यावर दोन दिवसांनी बिरूनं काठी उचलली. शब्द आईला दिला होता, तो पाळला. येलदरीच्या धरणाचं पाणी हटतं तिथं उन्हाळ्यातही गवत असतं; रामकिशनचा कळप तिकडंच होता. नऊ मेंढ्या हळूहळू चालू शकत होत्या, त्यांना घेऊन तो पहाटेच निघाला असं योगिनीला दिनकररावांकडून कळलं. तिनं दोनदा फोन लावला. लागला नाही, की उचलला नाही, तिला कळलं नाही.

दहावी मेंढी चालू शकत नव्हती. ती घेऊन भिवराबाई एका दुपारी रिक्षानं व्यंकटरावांच्या दारात आली. ज्या दारात तिला सणाला यायचं होतं, त्याच दारात. आत आली नाही. मेंढी खाली उतरवून घेतली आणि दोरी योगिनीच्या हातात दिली.

“मला रानात जायचंय. हिला नेता येत न्हाई, आन टाकून देता येत न्हाई. तुला ह्या रोगातलं कळतंय. तू बघ.”

व्यंकटराव ओसरीवर आले. “कुणाची ही?”

“माझ्यामुळं अशी झालेली,” योगिनी म्हणाली.

तुळशीजवळची सायकल व्यंकटरावांनी स्वतः बाजूला काढली, सावलीत जागा व्हावी म्हणून.

दिनकररावांच्या हातापाया पडून तिनं कुंपण मुळासकट काढायला लावलं. रोज सकाळी ती मेंढीला कुशीवरून कुशीवर वळवी, पाणी पाजी, निवडलेलं साधं गवत घाली, पाय चोळी. वही ठेवली नाही. लेखात लिहिलं होतं, काही जनावरं महिन्यांनी सुधारतात. विसाव्या दिवशी मेंढी पुढच्या दोन पायांवर उठली. तिसाव्या दिवशी तिनं गवत खायचं सोडलं. चौतिसाव्या दिवशी, सकाळी साडेदहाला, तिचा श्वास थांबला.

योगिनीनं तिथंच बसून फोन लावला. या वेळी तो उचलला गेला. पलीकडं वारा होता, पाण्यावरचा, आणि खूप घंटांचा आवाज.

“बिरू, ती गेली. आत्ता. पाच मिनिटं झाली.”

“लय तडफडली का?”

“नाही. चार दिवस खाल्लं नव्हतं. सकाळी पाणी घेतलं थोडं. मग मान टाकली.”

“खड्डा खोल घे. न्हाईतर कुत्री काढतेत.”

“हो.”

“वर मीठ टाक.”

“टाकते.” तिला आणखी विचारायचं होतं. नऊ मेंढ्या कशा आहेत, आई कशी आहे, पाऊस झाला की परत येशील का. ‘कशा आहेत’ हे शब्द मात्र तिच्या तोंडातून निघेनात. तिनं ते आठ दिवस वापरून संपवले होते.

पलीकडून कुणीतरी बिरूला हाक मारली. तो गेला नाही लगेच.

“जेवलीस का?” त्यानं विचारलं.

“नाही.”

“जेव,” तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

त्यानंतर त्याचा फोन आला नाही. येणार नाही हे तिला त्या एका शब्दावरूनच कळलं होतं. माणूस निरोप घेताना तसं म्हणतो. शेजारच्या दोघांनी आणि तिनं मिळून गावाबाहेर खड्डा घेतला, खोल, छातीइतका. मीठ टाकलं. घरी आली तेव्हा दीड वाजला होता. आईनं काही न विचारता पान वाढलं होतं. योगिनीनं मोरीत कोपरापर्यंत हात धुतले आणि जेवायला बसली.